महाबळेश्वर-पाचगणीच्या जुन्या बंगल्यांतली धुराडी: सफाई आणि दगडी कामाची दुरुस्ती

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. कोकणातून घाट चढून आलेला वारा तो सरळ खाली पडू देत नाही, आडवा भिंतींवर मारतो. म्हणून तर इथे पावसाआधी घरांना गवताच्या झडी बांधायची पद्धत पडली. पण झडी भिंतींना बांधतात, धुराड्याला कोण बांधणार? ते छपराच्या वर डोकं काढून चारही बाजूंनी भिजतं आणि वरून तोंडही उघडं असतं. म्हणून इथल्या जुन्या बंगल्यात धुराड्याचं काम काढताना काजळीच्या आधी पाण्याचा विचार करावा लागतो. थंड देशांतली माहिती वाचून लोक फक्त ब्रश मागवतात, नळी झाडून घेतात, आणि पुढच्या जूनमध्ये शेकोटीवरची भिंत पुन्हा ओलीच.

सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, १८२८च्या सुमारास, महाबळेश्वर थंड हवेचं ठिकाण म्हणून वसलं. पाचगणी जॉन चेसन यांनी १८६०च्या दशकात वसवली. त्या काळातल्या आणि त्यानंतरच्या काही दशकांतल्या बंगल्यांची बांधणी साधारण सारखी आहे: जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, चुन्यात भरलेला दर्जा (म्हणजे चिऱ्यांमधले सांधे), वर पत्रा किंवा मंगलोरी कौलं, आणि दिवाणखान्यात, कधी झोपायच्या खोल्यांतही शेकोटी. हा लेख अशा घरांसाठी आहे. वाई-साताऱ्याच्या वाड्यांत चुलीचा धूर कौलांतल्या झरोक्यातून जातो, तिथे नळीच नसते. वाड्याच्या मालकांना यातला चुन्याचा भाग तेवढा उपयोगी पडेल.

काम कधी काढायचं

सफाई दिवाळीच्या आसपास, थंडीतली पहिली शेकोटी पेटण्याआधी. चुन्याच्या कामाला मात्र वेळ नीट निवडावी लागते. चुना पावसात धुऊन जातो, कडक उन्हात लवकर सुकून भुसभुशीत राहतो आणि गोठणाऱ्या थंडीत फुटतो. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलाव आणि लिंगमळा भागात दवाचे हिमकण होतात, ते फोटोपुरते छान, पण ओल्या चुन्याला मारक. त्यामुळे दोनच खिडक्या उरतात: पाऊस पूर्ण थांबल्यावर ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा शेवट, किंवा फेब्रुवारी-मार्च. एप्रिल-मेमध्ये काम करायचंच झालं तर गोणपाट सतत ओलं ठेवायला एक माणूस वेगळा लावावा लागेल. जूनच्या तोंडावर घाईने केलेलं चुन्याचं काम न केलेलं बरं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगड होतो आणि त्याला आठवडे लागतात.

एक कागदी गोष्टही आधीच उरकून घ्या. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि इथले बरेच बंगले सरकारी भाडेपट्ट्यावर आहेत. दर्जा भरणं ही देखभाल झाली. पण धुराड्याची उंची, आकार किंवा बाहेरचं रूप बदलणार असाल तर नगरपरिषदेत विचारल्याशिवाय आणि पट्ट्याच्या अटी वाचल्याशिवाय परांची उभारू नका.

आधी नुसतं बघा

गवंड्याला बोलावण्याआधी एक सकाळ डाग वाचण्यात घालवा. पावसाळा संपल्या-संपल्या डाग ताजे असतात तेव्हाच हे साधतं.

शेकोटीच्या आत, जाळीवर किंवा राखेत पाणी साचलेलं दिसलं तर ते वरच्या तोंडातून आलं. छताजवळ, धुराडं जिथे छपरातून बाहेर पडतं तिथेच ओल असेल तर दोष छपराच्या सांध्यात आहे. शेकोटीच्या वरच्या भिंतीवर सगळीकडे पसरलेली ओल म्हणजे बहुधा बाहेरचा दर्जा गेलेला आहे. पिवळट-तपकिरी, धुरकट वासाचे ओघळ दिसले तर पाणी नळीतल्या डांबरी थरातून झिरपत येतंय, म्हणजे सफाईही राहिली आहे आणि नळीही फुटलेली असू शकते. पांढरी पूड म्हणजे क्षार. ती कोरड्या ब्रशने झाडायची, पाण्याने धुवायची नाही, नाहीतर क्षार परत भिंतीत जातात.

मग बाहेरून, दुर्बीण असेल तर दुर्बिणीने. माथ्यावर पिंपळ किंवा वड रुजलाय का? चिऱ्यांचे पापुद्रे सुटलेत का? कुठे सिमेंट फासलंय? शेवटी ओळंबा. छपरावरचा भाग एका बाजूला कललेला दिसत असेल तर इथेच थांबून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७चा भूकंप याच जिल्ह्याने सोसला आहे आणि आजही अधूनमधून जमीन हलते. हादऱ्यात घराचा सर्वात आधी कोसळणारा भाग म्हणजे एकटं उभं असलेलं, जड, सैल दर्जाचं धुराडं, आणि ते पडतं ते छप्पर फोडून खोलीत.

माळ्यावर चढून आणखी एक गोष्ट पाहा. लाकडी वासा किंवा तुळई धुराड्याला टेकलेली आहे का? जुन्या बांधकामात हे सर्रास दिसतं. वर्षानुवर्षं शेकलेलं लाकूड ताज्या लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेतं. निदान दोन इंचांचं अंतर हवं. तेवढं नसेल तर सुताराकडून वासा कापून आडवा तुकडा जोडून घ्यावा, आणि तोवर शेकोटी बंद.

आत कोण राहतंय

ब्रश घालण्याआधी हे तपासावंच लागतं. सातेरी मधमाशी अंधाऱ्या पोकळीत पोळं करते आणि न वापरलेलं धुराडं तिला ढोलीसारखंच वाटतं. खालून जाळ करून तिला हुसकावणं हा क्रूरपणा तर आहेच, शिवाय मेण पेटून नळीत आग लागते. महाबळेश्वर तालुका मधासाठी प्रसिद्ध आहे. मध संचालनालय इथेच आहे, आणि मांघर तर मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं. सातेरीची वसाहत पेटीत उतरवून घेणारी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. धुराड्याच्या बाहेर, माथ्याखाली आग्या मोहोळ लटकलं असेल तर मात्र परांची बांधणाऱ्यालाही जवळ जाऊ देऊ नका. ती वसाहत उठून जाईपर्यंत थांबा किंवा जाणकाराला बोलवा.

पाकोळ्यांची घरटी असतील तर पिल्लं उडेपर्यंत काम पुढे ढकला. वटवाघळं संध्याकाळी बाहेर पडतात. ती गेल्यावर जाळी लावायची, पण सगळी गेली याची खात्री करून.

सफाई

लाकडाच्या धुरात डांबरी वाफा असतात. नळी थंड असली की त्या तिच्या अंगाला चिकटतात. पहिल्या अवस्थेत ती भुसभुशीत काजळी असते, हाताने झडते. दुसऱ्या अवस्थेत काळे खपले, तेही तारेच्या ब्रशाने निघतात. तिसरी अवस्था काळी, चकचकीत, काचेसारखी टणक. ती ब्रशाने निघत नाही आणि सर्वात जास्त पेट घेते तीच. टॉर्च आणि आरसा घेऊन शेकोटीतून वर बघा, शक्य असेल तर मोबाइल काठीला बांधून व्हिडिओ काढा, आणि खिळ्याने थर खरवडून जाडी पाहा. तीन मिलिमीटरच्या वर थर असेल तर सफाई झाल्याशिवाय पेटवायचं नाही. चकचकीत थर कितीही पातळ असला तरी जाणकाराचं काम. छन्नीने ठोकून काढायला गेलात तर आतला गिलावा आणि विटाही सोबत येतील.

सामान असं लागेल: नळीच्या मापाचा तारेचा ब्रश, एकमेकांत फिरकी बसणाऱ्या लवचिक काठ्या, जाड गोणपाट, प्लॅस्टिकचा कागद, चिकटपट्टी, एन-९५ मास्क, चष्मा, रबरी हातमोजे, झाकणाचं लोखंडी पिंप. ब्रशाचं माप घेण्याआधी नळी मोजा. जुन्या नळ्या बहुधा विटांच्या मापात असतात, ९ बाय ९ किंवा १४ बाय ९ इंच, त्यामुळे गोल ब्रश कोपऱ्यांतली काजळी सोडतो, चौकोनी मागवा. मिळाला नाही तर बॉयलरच्या नळ्यांचे ब्रश करणाऱ्याकडून बनवून घ्या. पत्र्याची नळी असेल तर तारेचा ब्रश चालत नाही, ओरखडे पडतात, तिथे प्लॅस्टिकच्या केसांचा.

मास्क आणि मोजे हा शहरी नखरा नाही. काजळीने कर्करोग होतो हे लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्येच धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या आजारावरून दाखवून दिलं होतं. आणि ओघात सांगतो, ‘एखादा बारीक पोरगा आत सोडू’ असं म्हणणारा कंत्राटदार आजही भेटतो. इंग्लंडलासुद्धा ती प्रथा खरोखर बंद करायला १८७५चा कायदा लागला. नळीत माणूस उतरवायचा नाही, एवढं कामाच्या कागदावरच लिहून घ्या.

शेकोटी निदान एक पूर्ण दिवस थंड असली पाहिजे. राख काढा आणि पिंपात टाका, पुठ्ठ्याच्या खोक्यात कधीच नाही. राखेखालचा निखारा दोन दिवसही धगधगत राहू शकतो. गालिचे, पडदे बाहेर. शेकोटीच्या तोंडावर ओलं गोणपाट आणि त्यावर प्लॅस्टिक, कडेने चिकटपट्टी. काठ्या आत घालायला मध्ये एक चीर.

ब्रश खालून वर घालावा की वरून खाली? छपरावर शेवाळ असेल, कौलं जुनी असतील, तर खालूनच. काठ्या नेहमी एकाच दिशेने, फिरकी घट्ट होईल त्याच दिशेने फिरवा. उलट फिरवलं की सांधा सुटतो आणि ब्रश नळीतच अडकून बसतो. हात-दीड हात वर, पुन्हा खाली, असं टप्प्याटप्प्याने. ब्रश माथ्यातून बाहेर आला का हे बाहेर उभं राहून एकाने बघायचं. वरून काम करायचं झालं तर दोराला ब्रश आणि खाली वजन बांधून ओढतात, पण त्यासाठी पक्की परांची आणि कमरेला पट्टा हवाच. नुसत्या शिडीवर हे काम नको.

नळी झाडून झाली की खरी काजळी सापडते ती शेकोटीच्या तोंडावरच्या आडव्या कट्ट्यावर. हात आत घालून मागे चाचपलं की तो लागतो. वरून पडलेलं सगळं तिथे साचतं: काजळी, गिलाव्याचे तुकडे, घरटी, पाखरांची हाडं. झाडलोट करणारे बहुतेक जण हा कट्टा विसरतात आणि धूर खोलीत येतोय म्हणून पुन्हा फोन येतो. लोखंडी झडप असेल तर ती सुटी करून दोन्ही बाजूंनी घासा, बिजागरीला ग्राफाइटची पूड लावा. तेल नको, जळतं.

धुराची चाचणी

सफाई झाली म्हणजे नळी शाबूत आहे असं होत नाही. शेकोटीत थोडा जाळ करून नळी गरम होऊ द्या, मग त्यावर गोवरीचा तुकडा आणि ओला पाला टाका, दाट धूर निघेल. तो माथ्यातून निघू लागला की वरच्या माणसाने ओल्या गोणपाटाने तोंड झाकायचं आणि खाली शेकोटीच्या तोंडावर पत्रा लावायचा. आता एकेकाने वरच्या खोल्या, माळा आणि बाहेरची भिंत बघून यावं. जिथून धुराचा धागा निघेल तिथे खडूने खूण. पाच मिनिटांत आटपा, गोणपाट काढा, सगळी दारं-खिडक्या उघडा. चाचणी चालू असताना घरात झोपलेलं किंवा आजारी कुणी नको.

बाहेरच्या भिंतीतून एखाद-दुसऱ्या जागी धूर आला तर दर्जा भरून भागतं. शेजारच्या खोलीत किंवा माळ्यावर आला तर नळी आतून फुटलेली आहे आणि खरा धोका आगीइतकाच कार्बन मोनॉक्साइडचा आहे. त्याला रंग नाही, वास नाही, झोपेतच माणूस जातो. अशा नळीत आतून स्टेनलेस स्टीलची नळी सोडणं हा आजचा खात्रीचा उपाय. जुने गवंडी नळीला आतून चुना आणि शेण कालवून गिलावा करायचे. इंग्लंडातल्या धुराड्यांतही तोच असे. तो टिकतोही, पण नळीत ब्रश जातो, थापी जात नाही, त्यामुळे हात पोचेल तेवढ्याच भागात तो पुन्हा करता येतो.

माथा

दुरुस्ती वरून खाली करत यायची. माथ्यावर रुजलेला पिंपळ उपटू नका, मुळासोबत चार चिरे निघतील. बुंध्याशी कापा, कापलेल्या जागी लगेच तणनाशक ब्रशाने लावा, मूळ मेल्यावर सैल झालेले चिरे काढून पुन्हा बसवा. हे दोन टप्प्यांत होतं, एका खेपेत नाही.

माथ्याचा कोबा म्हणजे धुराड्याचं छप्पर. तो बाहेरच्या बाजूला उतरता हवा, चारही बाजूंनी निदान दोन इंच पुढे आलेला हवा आणि त्या पुढे आलेल्या भागाच्या पोटात खाच हवी, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं, परतून भिंतीवर ओघळत नाही. पूर्वी हा कोबा विटांचे तुकडे आणि चुना ठोकून करत. आता गवंडी सिमेंटचा सपाट थर ओतून देतो, नळीच्या काठाला भिडवून, आणि दोन उन्हाळ्यांत त्याला तडा जातो. सिमेंट-काँक्रीटचाच करायचा असेल तर तो वेगळी फरशी म्हणून ओतून चुन्याच्या थरावर बसवा आणि नळी व फरशीमध्ये बोटभर जागा सोडून ती तापमान सोसणाऱ्या दोरीने भरा. काँक्रीटला मी परवानगी देतो ती फक्त इथे.

तोंडावर टोपी पाहिजेच. स्टेनलेस स्टीलची, बाजूंना जाळी असलेली. जाळीची भोकं अर्धा ते पाऊण इंच: याहून बारीक असतील तर काजळीने बुजतात, मोठी असतील तर पाखरं शिरतात. टोपीच्या बाजूंचा मोकळा भाग नळीच्या तोंडापेक्षा जास्त हवा, नाहीतर धूर कोंडतो. माकडांचा विचार करून चारही पाय पट्टीने आवळा.

दर्जा, म्हणजे खरं काम

जांभा हा लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा सच्छिद्र दगड. खाणीतून काढताना तो कुऱ्हाडीने तासता येतो, उघड्यावर राहिला की घट्ट होतो. पण तो पाणी पितो, आणि प्यायलेलं पाणी त्याला परत सोडावं लागतं. चुन्याचा दर्जा चिऱ्यापेक्षा मऊ आणि तसाच श्वास घेणारा असल्याने ओल दर्जातून बाहेर पडते, झीजही दर्जाची होते, आणि शंभर वर्षांनी एकदा दर्जा नवा भरला की चिरा जसाच्या तसा.

सिमेंट याच्या उलट वागतं. ते चिऱ्यापेक्षा कठीण, आणि सुकताना आकसतं. चिरा आणि सिमेंटमध्ये केसाएवढी फट पडते, त्या फटीतून आडवा पाऊस आत जातो, आणि बाहेर यायचा रस्ता सिमेंटनेच बंद केलेला असतो. मग ते पाणी चिऱ्याच्या तोंडातून बाहेर पडू लागतं, सोबत क्षार घेऊन, आणि चिऱ्याचे पापुद्रे सुटतात. सिमेंटच्या रेषा फ्रेमसारख्या पुढे आलेल्या आणि मधला दगड खोल गेलेला, ही दृश्यं बाजारपेठेच्या आसपास हिंडलात तरी दिसतील. त्यावर पुन्हा वॉटरप्रूफ रंग मारला की आजार पूर्ण झाला. सिमेंट घातलं की मजबुती येते, असं गवंडी मनापासून सांगेल. त्याच्याशी वाद घालू नका. एका बाजूची दोन हात जागा चुन्यात करून पुढच्या पावसानंतर दोन्ही भाग त्याला हात लावून बघायला सांगा.

चुना कुठून? कळीचा चुना मिळाला तर उत्तम. तो विझवताना आधी पिंपात पाणी, मग त्यात थोडा-थोडा चुना. चुन्यावर पाणी ओतलं की तो उसळून डोळ्यांत जातो. चष्मा लावा, मुलांना लांब ठेवा, प्लॅस्टिकचं पिंप नको, ते वितळेल. विझलेला चुना पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरू द्या. जितका जास्त मुरेल तितका लोण्यासारखा होतो. घाई असेल तर बाजारातली विझलेल्या चुन्याची पूड पाण्यात निदान एक दिवस-रात्र भिजवून वापरा. रंगाच्या दुकानातला उघडा, जुना, गोळे झालेला चुना घेऊ नका. त्याचा आधीच दगड झालेला असतो.

नुसता चुना-वाळूचा माल महाबळेश्वरच्या पावसाला कमी पडतो. त्यात सुरखी हवी. मऊ भाजलेल्या गावठी विटांची बारीक दळलेली पूड चुन्याशी रासायनिकरीत्या बांधली जाते, आणि असा माल ओलीतही घट्ट होतो. जास्त भाजलेल्या काळपट विटांच्या पुडीत हा गुण नाही. प्रमाण: चुना एक भाग, सुरखी एक भाग, वाळू दोन भाग. आतल्या, पाऊस न लागणाऱ्या भिंतीला चुना एक, वाळू तीन पुरे. वाळू टोकदार दाण्यांची हवी. क्रश सँड चालते, पण आधी धुऊन तिची धूळ घालवा, नाहीतर दर्जाला जाळीसारख्या चिरा पडतात. जुने लोक मालात गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालायचे. हिरडा इथल्या जंगलातलाच, गूळ खाली कराडकडचा. गुळाने माल हाताळायला सोपा होतो आणि सावकाश धरतो. पण गूळ जास्त झाला तर चुना धरतच नाही आणि मुंग्या लागतात त्या वेगळ्या. तुमच्या गवंड्याने पूर्वी असं काम केलं नसेल तर हा प्रयोग धुराड्यावर करू नका, कंपाउंडच्या भिंतीवर करा.

आता प्रत्यक्ष काम. सैल दर्जा छन्नी आणि हलक्या हातोड्याने खरवडून काढा. ग्राइंडर लावला की चिऱ्यांच्या कडा कापल्या जातात आणि त्या कधीच परत येत नाहीत. दर्जाच्या रुंदीच्या दुप्पट-अडीचपट, म्हणजे बहुधा एक इंच खोल जा. जुना सिमेंटचा दर्जा चिऱ्याला घट्ट धरून असेल तर तो ओढून काढू नका. जिथे आपोआप सुटतोय तिथेच काढा. फट ब्रशाने झाडा, मग पाणी मारा. चिरा तहानलेला असेल तर चुन्यातलं पाणी ओढून घेईल आणि माल पूड होऊन पडेल. पण फटीत पाणी साचलेलंही नको, दगड ओलसर पण न चमकणारा असावा.

माल घट्ट असू द्या, हातात गोळा केला तर हाताला फारसा चिकटू नये एवढा. अरुंद थापीने मागच्या बाजूला दाबून भरा. खोल फट असेल तर दोन-तीन थरांत, एक थर थोडा धरल्यावर दुसरा, मोठ्या फटीत जांभ्याच्या किंवा विटेच्या चिपा बसवून. दर्जा चिऱ्याच्या तोंडाच्या किंचित आत ठेवा. चिऱ्यावर पसरवून, वर उचललेली रेघ ओढायची जी फॅशन आहे ती पाणी अडवून ठेवते. माल अंगठ्याने दाबला तर ठसा न उमटण्याइतका धरला की कडक ब्रशाने ठोका. पृष्ठभाग खडबडीत झाला की तो जास्त हवा घेतो.

मग गोणपाट. आठ-दहा दिवस ते ओलसर ठेवायचं, ऊन-वारा दोन्हींपासून. रात्री थंडी वाढणार असेल तर गोणपाट कोरडं करून त्यावर ताडपत्री. इथेच बहुतेक कामं बिघडतात, कारण गवंडी पैसे घेऊन वाईला गेलेला असतो आणि माळ्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

फुटलेला चिरा बदलताना त्याच जातीचा जांभा शोधा आणि त्याचा खाणीतला थर आडवाच राहील असा बसवा. काळा दगड मजबूत असतो म्हणून तो मध्ये घातला की शेजारचे चिरे झिजतात.

शेकोटीची आतली बाजू

जिथे जाळ प्रत्यक्ष लागतो तिथे ना चुना टिकतो ना सिमेंट. तिथे फायरब्रिक आणि फायरक्लेचा माल, सांधे जेमतेम तीन ते पाच मिलिमीटर. या विटा साखर कारखान्यांच्या बॉयलरना आणि कोल्हापूरच्या फाउंड्रींना लागतात, त्यामुळे त्या भागातल्या पुरवठादारांकडे सुट्याही मिळतात. आणि कारागीर शोधत असाल तर कराड-वाळव्याकडे गुऱ्हाळाचं चुलवाण बांधणारा गवंडी बघा. हवा कुठून ओढली जाते आणि जाळ कुठे वळतो हे त्याला शिकवावं लागत नाही.

छपराचा सांधा

पत्र्याच्या किंवा कौलांच्या छपरातून धुराडं जिथे वर येतं तिथे चढाकडच्या बाजूला पाणी आणि पालापाचोळा अडतो. त्या बाजूला धुराड्याच्या पाठीशी छोटं दोन उतारांचं पत्र्याचं छप्पर करा, म्हणजे पाणी दोन्हीकडे फाटून जातं. बाजूंनी पायऱ्यांसारखी कापलेली पत्र्याची पट्टी, तिची वरची कड दर्जात इंचभर खोल शिरवून चुन्याने बंद केलेली. नुसती भिंतीला चिकटवलेली डांबरी पट्टी दोन पावसाळ्यांत सुटते.

पेटवताना

चुन्याचं काम झाल्यावर निदान महिनाभर थांबा, मग तीन-चार दिवस अगदी लहान जाळ. ओल हळूहळू निघाली पाहिजे.

लाकूड बाभळीचं असेल तर उत्तम. सिल्व्हर ओक हलका, भराभर जळतो, पेटवायला बरा. कुठलंही असो, एक पूर्ण उन्हाळा फोडून, आडोशाला ठेवून वाळलेलं हवं. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणक आवाज आला पाहिजे. ओलं लाकूड जाळलं की ऊब कमी, डांबर जास्त. धुमसत राहणाऱ्या मंद जाळापेक्षा आटोपशीर पण जोरकस जाळ नळी स्वच्छ ठेवतो. पॅकिंगची फळकुटं, प्लायवूड, स्ट्रॉबेरीच्या शेतातला मल्चिंगचा कागद यातलं काहीही शेकोटीत नको.

धूर खोलीत परततोय? नळी थंड असेल तर आधी एक वर्तमानपत्र पेटवून झडपेजवळ धरा, वरची थंड हवा हलते. तरीही परतला तर खोलीच्या खिडक्या बघा. जुन्या लाकडी खिडक्यांच्या फटींतून शेकोटीला हवा मिळत होती. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या, स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन लावला, की शेकोटीला हवा मिळेनाशी होते. एक खिडकी बोटभर उघडी ठेवून बघा. फरक पडला तर दोष धुराड्यात नाही. आणि धुराडं पुरेसं उंच आहे का तेही मोजा: छपरातून निघते तिथून तीन फूट, आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल त्यापेक्षा दोन फूट वर.

नळीत आग लागली तर मोठी घरघर ऐकू येते आणि माथ्यातून ठिणग्या उडतात. झडप बंद करा, शेकोटीचं तोंड पत्र्याने झाका, सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ ला फोन. नळीत पाणी ओतू नका, तापलेलं बांधकाम तडकतं. आग विझली तरी नळीची तपासणी झाल्याशिवाय पुन्हा पेटवायचं नाही.

पावसाळ्यासाठी

पावसाळ्यातही राहत असाल तर शेकोटी चालू ठेवा, भिंतींना बरं असतं. घर बंद ठेवून जाणार असाल तर मेअखेर राख पूर्ण काढा, कारण राख ओल ओढते आणि तिचं पाणी लोखंडी जाळी खातं. मग माथ्यावर पत्र्याचं झाकण बसवून तारेने आवळा, पण कडेने बोटभर फट सोडून. कायमची बंद केलेली शेकोटीही विटांनी पूर्ण बुजवायची नसते. खाली एक जाळीची खिडकी आणि वर हवेला वाट ठेवली नाही तर नळीत आतल्या आतच दव साचतं. झाकण बसवलं त्याच दिवशी शेकोटीच्या तोंडावर तारेने एक पाटी अडकवा: ‘वर झाकण आहे, पेटवू नये.’ ऑक्टोबरात पहिले पाहुणे बहुधा मालकाच्या आधी येऊन पोचतात.